सुकतीचं पाणी

डिझर्टेशन सबमिट करून आठ दिवस झाले. आता उशिरापर्यंत झोपले तरी कोणी काही म्हणणार नाहीये, पण पहाटे पाचला जाग येतेच आणि डोळे उघडले की पहिला विचार काय, तर आज तिथी कुठली. मग स्वयंपाकघरात जाऊन कालनिर्णय बघायचं. तिथी कळली की भरतीची वेळ कळते, आणि गेलं जवळजवळ वर्षभर माझं उठणं, जेवणं, लॅबला जाणं सगळं भरती-ओहोटीवर चाललंय, त्यामुळे ती सवय काही सुटत नाहीये. खूप जणांनी विचारलं की तू नक्की करतेस काय, म्हणून म्हटलं आता वेळ आहे तर नीट लिहूनच काढते. थोडक्यात सांगायचं तर मी ठाण्याच्या खाडीच्या पाण्यातला ऑक्सिजन मोजते. लांबेल, पण वाचा.

मी एमएस्सीला आहे, पर्यावरणशास्त्र. राहायला भांडुप, वेस्टला. आणि खरं सांगते, वयाची वीस वर्षं भांडुपला काढून मी ठाण्याची खाडी जवळून बघितलेली नव्हती. रुळाच्या पलीकडे ईस्टला गेलं, हायवे ओलांडला, की मिठागरं आणि मग खाडी, म्हणजे घरापासून रिक्षाचं अंतर, पण कधी कोणी नेलंच नाही. पर्यावरण हा विषय शाळेपासून होता, 1991 साली सुप्रीम कोर्टाने सगळ्यांना शिकवायला सांगितलं तेव्हापासून तो सगळ्यांनाच आहे, पण आमच्यासाठी तो म्हणजे प्रोजेक्टची फाइल. वाघाचं चित्र, झाडाचं चित्र, वर स्केचपेनने "झाडे लावा" आणि बाईंची सही. त्या फायलीत भांडुप कुठेच नव्हतं.

टीवायला केमिस्ट्री होती तेव्हा मैत्रिणीबरोबर एकदा फ्लेमिंगो बघायला बोटीतून गेले. बोटीत सगळे फोटो काढत होते, मीपण काढले, ते गुलाबी पट्टे चिखलावर पसरलेले बघून कोणालाही वेड लागेल, पण थोड्या वेळाने मी पाण्याकडेच बघत बसले. पाणी करडं-हिरवं, वास गटाराचा, प्लास्टिक तरंगतंय, आणि त्याच पाण्यात हजारोंनी पक्षी माना खाली घालून खातायत. मला ते जुळेचना. तोपर्यंत मला वाटायचं पक्षी आहेत म्हणजे पाणी चांगलं असणार. नंतर कॉलेजमध्ये मॅडमना विचारलं तर त्यांनी सांगितलं की छोटा फ्लेमिंगो म्हणजे लेसर, तो मुख्यतः बारीक निळं-हिरवं शेवाळ खातो, आणि ते शेवाळ वाढायला जे नायट्रोजन-फॉस्फरस लागतं ते आपल्या सांडपाण्यातून भरपूर मिळतं. म्हणजे आपल्या घरातून जे खाली जातं त्यावर त्यांचं जेवण उगवतं. त्या दिवशी घरी येताना ट्रेनमध्ये मी दुसरं काही विचारच करू शकले नाही. 2015 ला ही खाडी अभयारण्य झाली, 2022 ला नांदूर मधमेश्वर आणि लोणारनंतर महाराष्ट्रातली तिसरी रामसर साइट, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाली, हे सगळं मला पाठ होतं, परीक्षेत लिहिलं होतं. पण हे पाणी पक्ष्याला चालतं, मग माशाला चालतं का, हा साधा प्रश्न मला कधी पडला नव्हता. एमएस्सीला तोच विषय घेतला.

माशाला पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लागतो. त्याला आम्ही डीओ म्हणतो, एका लिटरमध्ये किती मिलिग्रॅम ते मोजायचं. आपल्याकडच्या गरम दिवसात हवा भरपूर मिसळलेलं समुद्राचं पाणी घेतलं तर त्यात साधारण साडेसहा मिलिग्रॅम मावतो. चारच्या खाली गेलं की बऱ्याच माशांना त्रास सुरू होतो, दोनच्या खाली बहुतेक तिथून निघून जातात नाहीतर मरतात. सांडपाण्यात जी घाण असते ती कुजवणारे जीवाणू हा ऑक्सिजन खाऊन टाकतात, म्हणून डीओ मोजला की पाण्याची हालत कळते. ऐकायला सोपं आहे.

मी पण सोपंच समजले. पहिले दोन महिने बोटीतून सॅम्पल आणली. सुरुवातीला तर बाटल्या भरून तशाच ट्रेनने लॅबला नेत होते, तास-दीड तास वाटेत जायचा. मॅडमनी विचारलं जागेवर फिक्स केलंस का, म्हणजे केमिकल टाकून ऑक्सिजन तिथेच बांधून ठेवलास का, मी नाही म्हटलं, आणि त्यांनी ते सगळं रीडिंग खोडायला लावलं. कारण बाटलीत जीवाणू बंद झालेत ना, ते वाटेतसुद्धा ऑक्सिजन खातच राहतात, मी घाटकोपर-कुर्ला करत असताना आत माझा डेटा संपत होता. मग बोटीतच केमिकल टाकायला शिकले. आकडे आले साडेचार, पाच, कधी त्याच्याही वर. मला इतका आनंद झाला! खाडी वाटते तेवढी वाईट नाहीये असं मी प्रेझेंटेशनमध्ये लिहूनपण टाकलं.

ज्या नाखव्यांच्या बोटीतून आम्ही जायचो ते सत्तरीचे आहेत, लहानपणापासून याच खाडीत. ते माझं बाटल्या भरणं दोन महिने गप्प बघत होते. एक दिवस मी त्यांना मोठ्या उत्साहाने आकडा सांगितला तर म्हणाले, "बाय, तू घेतलंस ते दर्याचं पानी हाय. खाडीचं पानी बघायचं तर सुकतीला ये."

सुकती म्हणजे ओहोटी. मी बोटीत तशीच बसून राहिले. कारण त्यांचं म्हणणं इतकं उघड होतं की मला ते सुचलं कसं नाही हेच कळेना. खाडी उथळ आहे, ओहोटीला मैलभर चिखल उघडा पडतो, बोट चालतच नाही. म्हणजे बोट नेहमी भरतीच्याच आसपास निघणार, म्हणजे माझं प्रत्येक सॅम्पल भरतीचं, समुद्राकडून नुकतंच आत आलेलं ताजं पाणी. मी दोन महिने खाडी मोजलीच नव्हती, मी बोटीचं टाइमटेबल मोजत होते. ते प्रेझेंटेशन मी त्याच रात्री डिलीट केलं.

तिथीचा हिशोब पण त्यांनीच शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, जेवढं येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता. अष्टमीला सहा. अमावस्या-पौर्णिमा पंधरा धरायची, सव्वाअकरा येतात. आणि भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. मी मोबाइलमधल्या भरतीच्या वेळांशी ताडून बघितलं, बहुतेक दिवशी अर्ध्या-पाऊण तासाच्या आत बसतं, आणि आमच्या इथे वर खाडीत पाणी पोचायला थोडा उशीर होतो तोही नाखवा अंदाजाने धरतात. माझ्या आजीला पण हे माहीत होतं म्हणे, गुहागरकडची होती ती. आमच्या घरात ते ज्ञान मुंबईला येऊन दोन पिढ्यांत संपलं होतं, ते मला एमएस्सी करताना परत मिळालं.

मग ठरवलं की एकाच जागी बसायचं आणि एक अख्खी भरती बघायची. ओहोटीपासून ओहोटीपर्यंत, साधारण साडेबारा तास, दर तासाला सॅम्पल. अमावस्या निवडली, कारण त्या दिवशी उधाण असतं, पाणी सगळ्यात जास्त चढतं-उतरतं, आणि ओहोटी पहाटे सहाच्या सुमाराला व परत संध्याकाळी सहाला येते म्हणजे बराचसा उजेड मिळतो. महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशीची अमावस्या. आईचं म्हणणं अमावस्येला अंधारात खाडीवर कशाला. शेवटी बाबा म्हणाले मी जातो बरोबर. बाबा बेस्टमध्ये ड्रायव्हर आहेत, त्यांनी त्यासाठी सुट्टी टाकली. परवानगीचं पत्र आधीच मिळालं होतं.

जागा म्हणजे मिठागराच्या जुन्या बांधाचं टोक, जिथे एक नाला खाडीला मिळतो. तिथून नाखव्यांचं घर चालत सात-आठ मिनिटं. मावशींनी म्हणजे नाखव्यांच्या बायकोने आम्हाला पडवी दिली, तिथे टेबल मांडून मी ब्युरेट, म्हणजे थेंब थेंब मोजून सोडायची काचेची नळी, लावली. कारण फिक्स केलेल्या बाटल्यासुद्धा दिवसभर ठेवून चालत नाही, काही तासांत टायट्रेशन व्हायला हवं, आणि लॅब लांब. मावशींना आधीच सांगून ठेवलं होतं की यातली एक बाटली तेजाबाची आहे, पोरांना जवळ येऊ देऊ नका. त्यांनी खडूने जमिनीवर रेघ मारली आणि नातवंडांना दम दिला, रेघ ओलांडली तर बघा.

पहाटे सहा. अंधारच होता अजून. हेडलॅम्प लावून बांधावरून खाली उतरले, चिखलात पाय पिंडरीपर्यंत गेला. चिखलात चालायचं कसं तेही नाखव्यांनीच शिकवलंय, पाय सरळ वर ओढायचा नाही, आधी टाच सैल करायची, मग पाय तिरका काढायचा, नाहीतर बूट आत राहतो आणि तुम्ही बाहेर. नाल्याच्या तोंडाशी पाण्याची एक पातळ धार फक्त वाहत होती, काळपट. बाटली पाण्याखाली धरून हळूच भरली, बुडबुडा राहता कामा नये, बुडबुड्यातल्या हवेने आकडा बिघडतो. वर आले, त्यात आधी मँगनीज सल्फेट सोडलं, मग आयोडाइडचं अल्कली सोल्युशन, झाकण लावलं आणि बाटली उलटीसुलटी केली.

आता इथे काय होतं ते सांगते. पाण्यात ऑक्सिजन असेल तर चॉकलेटी गाळ बनतो, चहाच्या चोथ्यासारखा, आणि जितका जास्त ऑक्सिजन तितका रंग गडद. दोन महिने मी तोच रंग बघत आले होते. ऑक्सिजन नसेल तर गाळ पांढरा होतो. हे पुस्तकात वाचलं होतं, प्रत्यक्षात कधी बघितलं नव्हतं.

हेडलॅम्पच्या उजेडात बाटलीत दूध फाटल्यासारखं पांढरट काहीतरी हळूहळू खाली बसत होतं. जरासा फिकट पिवळा-तपकिरी झाक, बस. बाबांनी विचारलं बरोबर झालं का? मला एक मिनिट बोलताच येईना. मग दुसरी बाटली भरली, तीच गत. पडवीत येऊन टायट्रेशन केलं तर शून्य पॉइंट आठ. एक मिलिग्रॅमसुद्धा नाही. तीच खाडी, जिला मी पाच मार्क दिले होते.

सातला परत. आठला परत. पाणी चढायला लागलं, आधी समजतच नाही, फक्त तिवराच्या श्वसनमुळांची टोकं, ती पेन्सिलीसारखी उभी असतात ना चिखलात, ती एकेक करून दिसेनाशी होतात. बाबा बांधावर छत्री घेऊन बसले होते आणि वहीत वेळ लिहीत होते, ड्युटीच्या शीटवर लिहितात तसंच, 7.02, 8.00, 9.01, पाण्याचं तापमान, खारटपणा. खारटपणा मोजायला एक छोटी दुर्बिणीसारखी नळी असते, काचेवर पाण्याचा थेंब ठेवायचा, उजेडाकडे धरून आत बघायचं, जिथे निळं संपतं तिथे आकडा. सकाळी 21 होता. दहाला 30. बारा वाजता 34, म्हणजे जवळजवळ समुद्रच.

आणि बाटल्यांचा रंग बदलत गेला. पांढरट, मग फिका बिस्किटी, मग चहा, आणि दुपारी बाराला छान गडद चॉकलेटी. मी त्या ओळीने टेबलावर मांडून ठेवल्या होत्या, आणि पडवीत तोपर्यंत शेजारची पण पोरं जमली होती, आठ-दहा जण, रेघेच्या पलीकडे उकिडवी बसलेली. टायट्रेशनमध्ये काय होतं, ॲसिड टाकून गाळ विरघळवला की जितका ऑक्सिजन तितकं आयोडीन सुटतं आणि पाणी पिवळं होतं, मग वरून थायोसल्फेट थेंब थेंब सोडायचं, फिकं झालं की स्टार्च टाकायचा, एकदम गडद निळं होतं, आणि मग अजून थेंब सोडत राहायचं आणि एका थेंबाला निळा रंग पूर्ण जातो. त्या थेंबाला थांबायचं. पोरांना ते इतकं आवडलं की प्रत्येक वेळी निळं झालं की सगळे चिडीचूप, आणि रंग गेला की एकदम ओरडायचे, "गेला!" त्यातली एक मुलगी, चौथीतली असेल, ती ब्युरेटवरचा आकडा वाचायला शिकली. आमच्या मापाने ब्युरेटचा आकडा हाच डीओचा आकडा येतो, 200 मिली पाणी आणि थायोसल्फेट 0.025 नॉर्मल घेतलं की एक मिली म्हणजे एक मिलिग्रॅम, म्हणून तिला काही गुणाकार करावा लागत नव्हता. बाराच्या सॅम्पलला ती ओरडली "पाच पॉइंट एक!" आणि सगळी पोरं नाचली, कारण सकाळपासून ती बघत होती ना आकडा कसा वर चाललाय.

मग उतरायला लागला. तीनला चारच्या खाली. पाचला दोन पॉइंट दोन. त्या मुलीने तो आकडा हळू आवाजात वाचला. सहाच्या सॅम्पलला परत तो पांढरट गाळ, दीडच्या आसपास. सकाळपेक्षा थोडा जास्त, कारण दिवसभर उन्हात शेवाळ ऑक्सिजन बनवतं आणि रात्रभर सगळेच फक्त खातात.

दुपारी मावशींनी जेवायला बसवलं, मी डब्यात आदल्या दिवशीच्या उपासाच्या रताळ्याच्या फोडी नेल्या होत्या त्या पोरांनी संपवल्या, आणि आम्हाला मावशींनी भाकरी आणि करंदीचं कालवण वाढलं. करंदी बाजारातून आणलेली. खाडीच्या काठावरच्या घरात करंदी बाजारातून येते हे त्यांनी सहज सांगितलं, मला मात्र तो घास घशाखाली जायला वेळ लागला.

या पद्धतीबद्दल एक सांगायचंय, मला ती फार प्रिय आहे. हिला विंकलर पद्धत म्हणतात. लायोश विंकलर हा बुडापेस्टचा, 1888 मध्ये त्याने ही पद्धत काढली, डॉक्टरेटचं काम चालू असताना, वय पंचवीस. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. इतक्या वर्षांनी त्याची पद्धत भांडुपच्या पडवीत लाईट नसतानासुद्धा चालते. कोणीतरी आपल्याच वयाच्या विद्यार्थ्याने मन लावून केलेलं काम असं टिकू शकतं, हे मी आळस आला की स्वतःला सांगते.

मॅडमना डेटा दाखवला. मला वाटलं त्या खूश होतील. त्यांनी शांतपणे विचारलं, "हा ऑक्सिजनच कमी आहे कशावरून? काळ्या पाण्यात सल्फाइड असतं, ते पण आयोडीन खातं, आकडा खोटा कमी येऊ शकतो." मी गप्प. मग पुढच्या पौर्णिमेला एका लॅबमधून डीओ मीटर मागून आणला, त्याचा इलेक्ट्रोड सरळ पाण्यात सोडायचा असतो, केमिकलचा संबंध नाही, आणि दोन्ही पद्धतींनी एकाच वेळी मोजलं. फरक होता, ओहोटीला मीटरचा आकडा थोडा जास्त आला, पण थोडाच. उतार खरा होता. त्या एका प्रश्नासाठी एक महिना गेला आणि माझ्या मते त्या महिन्यात मी जेवढं शिकले तेवढं दोन वर्षांच्या लेक्चर्समध्ये नाही शिकले. आपल्याला हवं तेच उत्तर आलंय, मग तर जास्तच संशय घ्यायचा, हे मी त्यांच्याकडून घेतलं.

अजून एक गोष्ट जी मला रात्री झोपू देत नव्हती. खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि गोड्या पाण्यात जास्त. ओहोटीचं पाणी कमी खारट, म्हणजे खरं तर त्यात जास्त ऑक्सिजन असायला हवा होता. उलटं आहे. म्हणजे ते गोडं पाणी कुठल्या नदीचं-झऱ्याचं नाहीच, ते आपल्या मोऱ्यांचं, संडासांचं पाणी आहे आणि आत शिरायच्या आधीच त्यातला ऑक्सिजन संपलेला आहे. मी ग्राफ काढला, आडवा खारटपणा, उभा डीओ, आणि ठिपके जवळजवळ एका तिरप्या रेघेत बसले. तो ग्राफ स्क्रीनवर आला तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता, मी आईला उठवून दाखवला. आईला ग्राफ कळत नाही, पण ती उठून बसली आणि म्हणाली समजाव मला. समजावलं. तिने विचारलं, "म्हणजे आपण घासलेल्या भांड्यांचं पाणीपण यात आहे?" हो गं आई, आहे.

मुंबईत सांडपाण्याची सात नवी प्रक्रिया केंद्रं व्हायची आहेत, वरळीपासून आमच्या भांडुपपर्यंत, सगळी मिळून रोज 2464 दशलक्ष लिटरची. ती नीट चालली तर माझा पांढरा गाळ चॉकलेटी होताना बघायला मिळेल, आणि मला तो बघायचाय. पण त्यासाठी आत्ताचा आकडा लिहून ठेवलेला पाहिजे ना, तोही भरतीचा की ओहोटीचा हे लिहून. आता मी कुठेही पाण्याचा आकडा वाचला की पहिलं तेच शोधते. पूर्वीचे आकडे मिळावेत म्हणून मी एका ऑफिसात चार वेळा गेले, प्रत्येक वेळी दुसऱ्या टेबलावर पाठवलं, शेवटी जे कागद मिळाले त्यात तारीख होती पण वेळ नव्हती. वेळ नाही म्हणजे माझ्यासाठी तो आकडा नसल्यासारखाच. कोणीतरी उन्हात उभं राहून ते पाणी भरलं असेल, आणि एक वेळ लिहिली नाही म्हणून ती मेहनत वाया. मला याचा खरंच राग येतो.

चिखलाबद्दल तर मी अजून लिहिलंच नाही. चाकूने चिखलाचा एक तुकडा कापून बघा कधी, वरचा थर, फार तर नखाएवढा जाड, तपकिरी असतो आणि त्याखाली काळाकुट्ट. वरच्या थरापर्यंतच ऑक्सिजन पोचतो. खाली तो नसतो म्हणून तिथले जीवाणू समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरतात, आणि त्यातून तो सडक्या अंड्यांचा वास येतो ज्याला आपण खाडीचा वास म्हणतो. तिवराला म्हणूनच मुळं वर काढावी लागतात श्वासासाठी. पण जिथे खेकड्याचं बीळ असतं तिथे त्या काळ्या चिखलात बिळाच्या कडेने तपकिरी रिंग आत आत जाते, कारण बिळातून पाणी आणि हवा खाली उतरते. मी एका बिळाचा उभा काप काढला होता, मनगटाएवढा, आणि त्या तपकिरी रेघेवर बोट ठेवून बराच वेळ बसले. एक छोटा खेकडा चिखलाला श्वास घ्यायला खिडकी करून देतो. हे मी कोणाला सांगायला गेले की माझा आवाज चढतो, मैत्रिणी सांगतात.

आणि निवटी, म्हणजे चिखलावर उड्या मारत फिरणारा तो छोटा मासा. नाखवा म्हणतात त्यांच्या तरुणपणी इथे जिताडा मिळायचा, बोय मिळायची, चिंबोऱ्या तर टोपल्यांनी, आणि आता चिखलावर बघावं तर निवटीच निवटी. मला त्याचं कारण माझ्या वहीत सापडलं. निवटी ओल्या कातडीतून आणि तोंडातून हवेतला ऑक्सिजन घेऊ शकते, पाण्यात नसला तरी तिचं भागतं. जिताड्याचं नाही भागत. "मासा भरतीबरोबर येतो नि पानी फिरलं की आधी निघतो," नाखवा सांगायचे, आणि माझा ग्राफ अगदी तेच म्हणतो. डिझर्टेशनच्या आभाराच्या पानावर त्यांचं नाव मी मॅडमच्या नावानंतर लगेच लिहिलंय. त्यांना ते पान वाचून दाखवलं, त्यांनी परत एकदा वाचायला सांगितलं.

घरी अर्थातच प्रश्न चालू आहेत. पुढे काय, नोकरी कुठे, बँकेची परीक्षा का नाही देत. आत्याने विचारलं गटाराचं पाणी मोजून पोट भरतं का. तिचं चुकत नाही, आमच्याकडे पीएचडी वगैरे कोणी केलेलं नाही, नेट झाली आणि फेलोशिप मिळाली तरच ते शक्य आहे, आणि मी नेटचा अभ्यास सुरू केलाय. बाबा मात्र काही बोलत नाहीत. 26 जुलै 2005 ला ते कुर्ल्याला बस घेऊन अडकले होते, सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस, मी तेव्हा दोन वर्षांची, आणि ते दुसऱ्या दिवशी दुपारी चालत घरी आले. त्यावर ते फारसं कधी बोलले नाहीत. अमावस्येच्या त्या दिवशी बांधावर छत्रीत बसून पाणी चढताना बघत असताना मात्र म्हणाले, "एवढी वर्षं गाडी चालवली या शहरात, पाणी कुठून येतं कुठे जातं काही माहीत नव्हतं बघ." आणि परत वहीत वेळ लिहिली.

आता रात्रीचं राहिलंय. आमच्याकडे आहे तो सगळा जवळजवळ दिवसाचा डेटा, आणि ऑक्सिजन सगळ्यात खाली जाणार तो पहाटेच्या आधी, म्हणजे अष्टमीच्या आसपासची रात्र हवी, जेव्हा मध्यरात्री ओहोटी असते आणि भांगाचं पाणी, फार चढत-उतरत नाही, घाण बाहेर जायला वेळ लागतो. माझा अंदाज आहे की त्या रात्री आकडा शून्याला टेकेल. अंदाज चुकला तर अजून बरं. सबमिशन झालंय, याचे मार्क कोणी देणार नाहीये, मॅडमना विचारलं तर म्हणाल्या केमिकल लॅबमधून घेऊन जा. परवानगीचा अर्ज केलाय. बाबांची त्या दिवशी सेकंड शिफ्ट आहे, ती बदलून मिळते का बघतायत.

काल नाखव्यांचा फोन आला होता, तिथीचा हिशोब त्यांनी करून ठेवलाय. मागून ती चौथीतली मुलगी ओरडत होती की रात्री मला उठवा, आकडा मीच वाचणार.